मंडळीतल्या माणसाने गुंतवणूक सुचवली तर काय तपासावे

रविवारची उपासना संपते, सभागृहाच्या मागच्या बाजूला चहा आणि खारी येते आणि पुढच्या वीस मिनिटांत चर्चच्या मंडळीतली निम्मी कामे उरकली जातात. मुलीसाठी स्थळ, ऐरोलीत भाड्याची खोली, रक्तदाता, दहावीच्या गणिताचा शिक्षक, सगळे तिथेच सापडते. गुंतवणुकीची योजनाही त्याच चहाबरोबर येते. ती घेऊन येणारी व्यक्ती अनोळखी नसते. तुमच्या आईच्या आजारपणात रात्रभर रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या त्याच मावशी असतात, आणि त्यांचा हेतू बहुतेक वेळा अगदी स्वच्छ असतो, कारण त्यांनी स्वतःचेही पैसे त्याच योजनेत घातलेले असतात.

मी आधी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर काही वर्षे ठाण्यातल्या एका मराठी मंडळीचा खजिनदार होतो. त्या काळात असे प्रस्ताव घेऊन लोक माझ्याकडे येत आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "माणूस चांगला आहे ना?" माणूस बहुधा चांगलाच असतो. परंतु योजना सुचवणारी व्यक्ती वेगळी आणि पैसे स्वीकारणारी संस्था वेगळी. पहिलीवर पूर्ण विश्वास ठेवूनही दुसरीची कसून तपासणी करता येते. खाली सांगितलेली सगळी पद्धत या एका भेदावर उभी आहे.

साक्ष आणि हिशेब

मंडळीत साक्षीला मोठे वजन असते. एखादा बंधू उभा राहून आपल्या आयुष्यात काय घडले ते सांगतो, आणि आपण त्याच्याकडे पावती मागत नाही. फसव्या योजनेला हीच रीत सोयीची पडते. "मला गेले अकरा महिने दर पाच तारखेला पैसे मिळाले" हे वाक्य साक्षीच्या सुरात येते आणि साक्षीसारखेच ऐकून घेतले जाते. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याला पैसे खरोखरच मिळालेले असतात. ते कोणत्या धंद्यातून आले, एवढेच त्याला ठाऊक नसते.

हिशेब उपासनाक्रमाच्या कागदामागे मावेल इतका सोपा आहे. समजा, ४० घरांनी प्रत्येकी २ लाख रुपये दिले, म्हणजे ८० लाख जमा झाले. दरमहा ५ टक्के परतावा द्यायचा तर महिन्याला ४ लाख लागतात. चालकाने एका रुपयाचाही धंदा केला नाही आणि स्वतःसाठी काही उचलले नाही, तर लोकांचेच पैसे लोकांना परत देत तो २० महिने तारीख न चुकवता काढू शकतो. निम्मी रक्कम त्याने पहिल्याच आठवड्यात खिशात घातली, तरी १० महिने निघतात. मधल्या काळात दोन-चार नवी घरे जोडली गेली, किंवा जुन्यांनी आलेला परतावा पुन्हा तिथेच गुंतवला, की मुदत आणखी लांबते. तेव्हा अकरा महिने वेळेवर मिळालेल्या पैशांवरून मागे धंदा आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

चार्ल्स पाँझी याने १९२० मध्ये बॉस्टनमध्ये ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवले, तेव्हा त्याच्याकडे पैसे देणाऱ्यांत त्याच्यासारखेच इटलीहून आलेले पुष्कळ लोक होते. चर्चच्या वर्तुळात हा प्रकार किती खोल जाऊ शकतो, याची दोन उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात. फ्लोरिडातील टॅम्पा शहरातून चालणाऱ्या ग्रेटर मिनिस्ट्रीज इंटरनॅशनल या संस्थेने १९९० च्या दशकात लूककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील 'द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल' या ३८ व्या वचनाचा आधार घेऊन, दिलेली 'देणगी' दुप्पट होऊन परत येईल असे सांगितले आणि ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. २००१ मध्ये तिच्या प्रमुखाला २७ वर्षांची शिक्षा झाली. दुसरे उदाहरण बाप्टिस्ट फाउंडेशन ऑफ ॲरिझोना या संस्थेचे. ती १९९९ मध्ये कोसळली, तेव्हा ११ हजारांहून अधिक गुंतवणूकदार अडकले, आणि त्यांत निवृत्त लोक फार होते. तिचे हिशेब आर्थर अँडरसन या जगप्रसिद्ध लेखापरीक्षण संस्थेने तपासलेले होते, आणि त्या संस्थेने पुढे २००२ मध्ये २१ कोटी ७० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. 'आमचे ऑडिट होते' या उत्तरावर थांबू नये, ते यासाठी.

आपल्या भागाला हे नवे नाही. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस या दागिन्यांच्या दुकानसाखळीच्या दादरच्या दालनापुढे गुंतवणूकदारांची रांग लागली, तेव्हा सानपाड्यातही तिची शाखा होती. दर आठवड्याला परतावा मिळत होता, तोवर कोणाला शंका विचारायची नव्हती. आपल्या मंडळ्यांमध्ये तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी नगर-जालन्याकडून आलेल्या पिढीला मिळालेली स्वेच्छानिवृत्तीची, ग्रॅच्युइटीची किंवा पुनर्विकासाची एकरकमी रक्कम असते, आणि ती नेमकी कोणत्या महिन्यात आली हे सर्वांना माहीत असते, कारण त्याबद्दल उपकारस्तुती झालेली असते.

पहिले तीन प्रश्न

पहिला प्रश्न असा विचारावा की पैसे नेमके कोणाच्या नावाच्या खात्यात जाणार आहेत. योजना कंपनीच्या नावाची आणि खाते चालकाच्या पुतण्याचे, किंवा यूपीआयवर भलतेच नाव दिसते, एवढ्यावरच तपासणी संपवायला हरकत नाही. रोख मागितली तर त्याहून वाईट. आयकर कायद्यानुसार २० हजार रुपये किंवा त्याहून मोठी ठेव अथवा कर्ज रोखीने स्वीकारता येत नाही, आणि रोखीने दिलेल्या पैशांचा माग नंतर पोलिसांनाही लागत नाही.

दुसरा प्रश्न: लोकांकडून पैसे घेण्याची परवानगी कोणी दिली आहे? आपल्याकडे ही दारे मोजकी आहेत. बँका, रिझर्व्ह बँकेने ठेवी स्वीकारण्याची खास परवानगी दिलेल्या बिगरबँकिंग वित्त कंपन्या, कंपनी कायद्याच्या नियमांत बसणाऱ्या कंपन्या, फक्त आपल्या सभासदांकडून ठेवी घेणाऱ्या पतसंस्था, आणि गुंतवणुकीच्या बाबतीत सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाकडे नोंदवलेल्या संस्था. एखादी व्यक्ती, एकल मालकीची पेढी किंवा भागीदारी संस्था धंद्यासाठी जनतेकडून ठेवी गोळा करू शकत नाही, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा अशा ठेवी मागणाऱ्यालाही तुरुंगात पाठवू शकतो. ज्या वित्त कंपन्यांना परवाना आहे, त्यांनाही ठेवींवर वर्षाला साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज देण्याची मुभा नाही. हे माहीत असले, की कोणी दरमहा पाच टक्क्यांची गोष्ट काढल्यावर पुढे काय विचारायचे ते आपोआप सुचते.

तिसरा प्रश्न धंद्याचा: इतका नफा होत असेल, तर चालक बँकेकडून बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज का काढत नाही? याला मी आजवर ऐकलेले सर्वांत सामान्य उत्तर असे की "हा आशीर्वाद आपल्याच लोकांना मिळावा, अशी त्यांची इच्छा आहे." हे उत्तर ऐकून मन भरून येते, पण त्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उत्तरे तोंडी घेऊ नयेत. ती हाती आल्यावर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर संस्थेचे नाव शोधावे. तिथेच तक्रारही नोंदवता येते. शेअर बाजाराशी संबंधित योजना असेल तर सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक जुळवून पाहावा, आणि केवळ क्रमांकच नव्हे तर नाव व पत्ताही जुळतो का ते पाहावे, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक छापून घेणारे महाभाग कमी नाहीत. कोणी 'पोर्टफोलिओ मॅनेजमेंट' (तुमच्या वतीने गुंतवणूक सांभाळण्याची सेवा) म्हणत दोन लाख मागितले, तर लक्षात ठेवावे की त्या सेवेसाठी किमान गुंतवणूक ५० लाखांची आहे. हमखास परताव्याचा शब्द देण्याची मुभा सेबीच्या नोंदणीकृत सल्लागाराला नसते.

प्लास्टिकच्या फाइलीतले कागद

कोपरखैरण्याच्या एका मावशींनी एकदा माझ्यापुढे चेनची निळी फाइल ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, सगळे सरकारी कागद आहेत." तीत कंपनीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र होते, जीएसटीचे होते, उद्यम नोंदणीचे होते, गुमास्ता होता आणि सोनेरी कडा असलेले एक आयएसओ प्रमाणपत्र होते. सगळे कागद खरे होते. त्यांपैकी एकाचाही लोकांचे पैसे स्वीकारण्याशी संबंध नव्हता. कंपनी स्थापन झाली, ती कर भरण्यासाठी नोंदली गेली, दुकान उघडायची नोंद झाली, याहून अधिक हे कागद काहीच सांगत नाहीत. भजीच्या गाडीलाही यांतले काही मिळू शकतात.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आम्ही तिथेच बसून तिची माहिती पाहिली. कंपनी आठ महिन्यांपूर्वीची, भरणा झालेले भांडवल एक लाख रुपये. ज्या संचालकाने स्वतःचा एक लाख लावला होता, तो मावशींकडे ग्रॅच्युइटीचे सहा लाख मागत होता.

फाइलीत शेवटी ५०० रुपयांच्या मुद्रांकावरचा, नोटरीचा शिक्का असलेला करारनामा होता. त्यावर 'गुंतवणूक' किंवा 'ठेव' हा शब्द कुठेही नव्हता. 'हातउसने' असे लिहिले होते. ही खेळी ओळखायला शिकावे. उसनवारीचा कागद केला, की बंदीच्या कायद्यातून सुटू, असे चालकाला वाटते. कायद्यात सूट आहे ती नातेवाइकांकडून घेतलेल्या कर्जाला, आणि मंडळीतले बंधू-भगिनी त्या व्याख्येत बसत नाहीत. नोटरीचा शिक्का सह्या कोणी केल्या एवढेच सांगतो. आत लिहिलेला व्यवहार कायदेशीर आहे किंवा पैसे परत मिळतील, असे तो सांगत नाही. कराराला जोडलेल्या अकरा धनादेशांवर सही होती, तारीख नव्हती. धनादेश तारखेपासून तीन महिने चालतो. तारखेविना तो हातात असणे म्हणजे चालकाच्या खात्यात शिल्लक असेल अशी आशा हातात असणे.

मावशींनी सहा लाख दिले नाहीत. आधीच दिलेला एक लाख मात्र गेला. मला त्यांना हसता येत नाही, कारण माझ्याच कपाटात १९९० च्या दशकातल्या सागाच्या लागवडीच्या योजनेचे, पन्नास रोपांची नोंद असलेले, गुळगुळीत कागदावरचे प्रमाणपत्र अजून पडून आहे, आणि ते घेतले तेव्हा मी बँकेत लोकांची कर्जप्रकरणे तपासत होतो.

नकार देताना

खरी अडचण कागद तपासण्यात नसते. पुढच्या रविवारी त्याच माणसाशेजारी बसायचे असते, ती अडचण असते. म्हणून नकार व्यक्तीला नव्हे, आपल्या घरच्या नियमाला चिकटवून द्यावा: "मावशी, तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. आमच्या घरी मात्र ठरलेले आहे, परवान्याचा कागद हातात येऊन महिना झाल्याशिवाय पैसे कुठेच द्यायचे नाहीत. तुम्ही तेवढा कागद मागवून घ्या, मग बसून बोलू." हे बोलणे मृदू आहे आणि त्यात मावशींचाही फायदा आहे, कारण कागद मागायला गेल्यावर चालक त्यांच्याशी कसा बोलतो, ते त्यांना स्वतःलाच दिसते. नाताळापूर्वीच, या आठवड्यातच, पहिल्या वीस जणांनाच अशी घाई आली तर महिन्याचा नियम तिथेच उपयोगी पडतो.

"विश्वास कमी पडतोय का?" असे कोणी विचारले, तर करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून दाखवावा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना प्रेषित पौलाने ती एकट्याच्या हाती ठेवली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतले, कोणाला दोष काढायला जागा राहू नये म्हणून. प्रेषिताने स्वतःला जी तपासणी लावून घेतली, ती एखाद्या योजनेच्या चालकाला अपमानास्पद वाटत असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

पाळकांनी आणि कमिटीने करायचे ते थोडेच आहे, पण ते आधी करायचे आहे. व्यासपीठावरून, प्रार्थनागटात किंवा मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणत्याही धंद्याची जाहिरात होणार नाही, असा ठराव वार्षिक सभेत करून इतिवृत्तात लिहून ठेवावा. चालक बहुधा आधी पाळकांकडे येतो, ध्वनियंत्रणा नाहीतर छपराचे पत्रे देणगी म्हणून देतो, आणि मग पाळकांसोबतचा फोटो फाइलीत लागतो. म्हणून नव्या, मोठ्या देणगीची रक्कम कुठून आली ते विचारावे आणि देणगीदाराचा सत्कार लांबणीवर टाकावा. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर इमारत निधीसारखी रक्कम कुठे ठेवायची ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५ ने ठरवून दिलेले आहे, आणि 'जरा जास्त व्याज मिळते' हे कारण तिथे चालत नाही.

पैसे अडकले असतील तर

पाच तारीख उलटते, 'बँकेचा सर्व्हर' किंवा 'आरबीआयची तपासणी' अशी कारणे येऊ लागतात, आणि गटावर संयम धरण्याची वचने फिरू लागतात. या टप्प्यावर गट सोडू नये. आधी संपूर्ण संभाषण निर्यात करून जतन करावे, ध्वनिसंदेश वेगळे साठवावेत आणि तोच फोन वापरात ठेवावा, कारण मूळ उपकरण पुढे पुराव्याच्या प्रमाणपत्रासाठी लागते. मग वहीच्या एका पानावर तारखेवार लिहावे: किती दिले, कोणत्या खात्यातून, व्यवहार क्रमांक काय, किती परत आले, कोणासमोर कोणता शब्द दिला गेला. परत आलेली रक्कम लपवू नये. खात्याच्या उताऱ्यात ती दिसतेच, आणि लपवली की सगळ्याच जबाबावर शंका येते.

पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर सर्वांत आधी सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा; रक्कम पुढच्या खात्यांतून काढून घेतली जाण्यापूर्वी ती गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. एरवी लेखी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जावे. ठाणे, डोंबिवली, कल्याण हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो आणि ऐरोलीपासून पनवेलपर्यंतचा नवी मुंबई आयुक्तालयात. मंडळी खाडीच्या दोन्ही बाजूंची असली तर 'आमची हद्द नाही' असे ऐकावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे शांतपणे सांगावे, आणि तरीही नकार मिळाला तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवून पोच घ्यावी. मोठी प्रकरणे आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात.

तक्रारीत भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलम ३१८ सोबत महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण अधिनियम, १९९९ लावण्याची मागणी आवर्जून करावी. पोलीस त्याला 'एमपीआयडी' म्हणतात. फसवणुकीच्या कलमाने माणूस आत जातो. एमपीआयडीने त्याची मालमत्ता जप्त होते आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विकून ठेवीदारांत प्रमाणात वाटली जाते. हे वाटप यादीतल्या नावांना होते, म्हणून शेजाऱ्याने तक्रार केली आहे, आपले आपोआप होईल, या भरवशावर बसू नये. धनादेश वटला नसेल तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात, आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात जावे लागते. येथे दिवस मोजण्यात केलेली चूक महागात पडते.

या काळात दोन प्रकारचे लोक येतील. एक जण दहा टक्के आगाऊ घेऊन पैसे सोडवून देतो म्हणेल. तो बहुधा त्याच यादीवरून आलेला दुसरा ठक असतो. दुसरा जण मंडळीतलाच असेल आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय दाखवून म्हणेल की बंधूने बंधूला कोर्टात खेचू नये. त्या अध्यायाचा मान ठेवूनही माझे मत स्पष्ट आहे: ते वचन दोन भावांमधल्या वादासाठी आहे, आणि चाळीस घरांकडून बेकायदा ठेवी गोळा करणे हा राज्याविरुद्धचा गुन्हा आहे, जो आपसांत मिटवण्याचा अधिकार कोणाही एका बंधूला नाही. आपसांत 'मिटवताना' आधी ओरडणाऱ्या चार जणांचे पैसे परत होतात, ते उरलेल्या छत्तीस जणांच्या वाट्याचे असतात.

राहिल्या त्या मावशी, ज्यांनी योजना आणली. त्यांनी दलाली घेतली असेल, तर ती किती आणि कधी हे त्यांनी वकिलाच्या सल्ल्याने स्वतःहून सांगणे त्यांच्याच हिताचे आहे. घेतली नसेल, तर त्या इतरांसारख्याच तक्रारदार आहेत, आणि पोलीस ठाण्यात त्यांना एकटे पाठवू नये. अशा बहुतेक मावशींकडे एक वही असते, तीत कोणाकडून किती आले ते त्यांनी जपून लिहिलेले असते, कधी पेन्सिलीने, कधी नुसत्या आडनावांनी. ती वही फाडून टाकण्याची इच्छा त्यांना पहिल्याच रात्री होते. त्याच रात्री त्यांच्या घरी जावे, प्रत्येक पानाची छायाप्रत काढून घ्यावी, पेन्सिलीवर पेन फिरवू देऊ नये, आणि मूळ वही तपास अधिकाऱ्याच्या स्वाधीन करताना पानांची संख्या लिहिलेला जप्ती पंचनामा झाल्याशिवाय तिथून उठू नये.